हवाबंद बाथरूम

आमचे हे शीतगृहाच्या दारांना रबर बसवतात. आतला गारवा बाहेर जाऊ द्यायचा नाही, हेच त्यांचं काम. पण माणसानं काम कामाच्या जागी ठेवावं की नाही? यंदा थंडी वाढली, गॅस महागला आणि ह्यांनी आमच्याच घराच्या फटी बुजवायला घेतल्या. खिडक्यांना रबर, तावदानांना पट्ट्या, दारांखाली ब्रश. "फटीतून ऊब गेली म्हणजे पैसा गेला," हे दिवसातून दहादा ऐकायचं.

"अहो, एक दिवस माझं तोंडही सील कराल," मी म्हटलं.

"सगळ्यात जास्त हवा तिथूनच तर जाते!"

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, घर खरंच उबदार झालं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी बाथरूमचा झरोका गाठला. थर्मोकोलचा तुकडा असा चपखल बसवला की नखही शिरेना. दारालाही खालून रबर लावलं. गॅसचा गीझर आतल्याच भिंतीवर. "आता वाफ बाहेर जाणार नाही, थोड्या पाण्यात आंघोळ उरकेल," म्हणत मिशीतल्या मिशीत हसत होते. आमची कॉलेजात जाणारी एकुलती एक लेक पहिली आंघोळीला गेली.

मी भाजी चिरत होते. पाण्याचा आवाज येत होता, येतच होता. शेवटी ह्यांनी दार वाजवलं. "अगं बाई, पुरे! गीझर काय फुकट चालतो?"

उत्तर नाही.

"रुसली वाटतं," ते म्हणाले.

आमची पोरगी रुसली की भांडते, गप्प कसली बसते! "दार तोडा," मी किंचाळले.

दुसऱ्या धक्क्याला कडी उखडली. लेक फरशीवर पडलेली, अंग लुळं, डोळे अर्धवट उघडे. वर गीझर जळतोच आहे. तिला चादरीत गुंडाळून आम्ही बाहेर आणलं, शेजाऱ्यांनी गाडी काढली.

"बंद जागेत गीझरमुळे विषारी वायू साचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून थोडा उशीर झाला असता तर पोर हातची गेली असती. झरोका कोणी बंद केला?"

"मी," हे म्हणाले. "मला चांगलं जमतं ते."

'घ्या, वाचवा आता पैसे!' असं ओरडावंसं वाटत होतं मला. पण मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हा माणूस आपल्या हातांकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत.

दुपारी लेकीनं डोळे उघडले. मला वाटलं, 'आई' म्हणेल. तिनं आधी बापाला शोधलं. ते पुढे झाले, तर ही अंग चोरून मागे सरकली.

"बाबा, रागावू नका ना," ती कशीबशी म्हणाली. "बंदच करणार होते मी गीझर. हातच उचलेना."