वेलांटी आधी, अक्षर नंतर

विषय : इयत्ता नववी, वार्षिक परीक्षा, विज्ञानाची प्रश्नपत्रिका बाहेर गेल्याबद्दल खुलासा.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळवते की, गेली चौदा वर्षे आपल्या शाळेच्या प्रश्नपत्रिका मी घरी टाईप करते. आजवर एक ओळही

(खोडलं. हे त्यांना माहीत आहे. म्हणून तर इतक्या चिडल्यात.)

महोदया,

सोमवारी आपण मला दोन कागद दाखवलेत. एक मी छापून दिलेला, त्यात 'हृदयाची आकृती काढा'. दुसरा मुलांच्या मोबाईलवर सापडलेला, त्यात 'ह्रदयाची'. ती चूक माझी. टाईप केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त केली, मग छापलं. म्हणजे पेपर शाळेतून गेला नाही, माझ्या कंप्युटरमधून गेला.

"त्याला पासवर्ड आहे म्हणता ना?" आपण विचारलंत.

"आहे. सुरू होतानाच मागतो."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला एकटीला."

"मग दोनच शक्यता. एक तुम्ही, नाहीतर तुम्ही."

शुक्रवारपर्यंत लेखी. नाहीतर चौदा वर्षांवर पाणी, आणि गावभर नाव.

(आता पासवर्डचं लिहायला हवं.)

तो दुरुस्तीवाल्याने बसवून दिला. म्हणाला, "ताई, कपाटाचं कुलूप वेगळं, हे फाटकाचं. कंप्युटर नीट जागाही झालेला नसतो तेव्हाच विचारतो, कोण? विसरलात तर माझ्याकडे रडत येऊ नका."

"नवऱ्याला सांगून ठेवू?"

"ठेवा की. तेही विसरतील."

त्या वेळी पडद्यावर मराठी उमटत नाही, नुसत्या चांदण्या. पण बोटांना काय त्याचं? मी टाईपरायटरवर शिकलेली. तिथे पहिली वेलांटी आधी दाबायची, अक्षर नंतर. मी एक मराठी शब्द ठेवला आणि जुन्या मशीनच्या क्रमाने दाबला. कंप्युटरच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा कचरा. उद्या कुणाला शब्द कळला तरी आजची माणसं अक्षर आधी दाबणार, वेलांटी मागून. स्वतःवर काय खूश होते मी!

(सगळं खरं. आणि यातलं काहीही मुख्याध्यापिकांच्या उपयोगाचं नाही.)

बुधवारी सकाळी नणंद आली.

नणंद ती नंतर झाली. आधी टायपिंगच्या क्लासमधली मैत्रीण. शेजारशेजारच्या मशीनवर बसायचो. बटणांकडे बघू नये म्हणून सर आमच्या हातांवर रुमाल टाकायचे, आणि रुमालाखालच्या हालचालीवरून आम्ही एकमेकींची चूक ओळखायचो. मग तिच्या भावाशी माझं लग्न झालं. तेव्हापासून काही हवं असलं की मी 'वहिनी', एरवी 'अगं ए'.

मी मोरीत चादरी धूत होते. हात कोपरापर्यंत फेसात. हा खुलासा लिहायचा होता, म्हणून आतूनच ओरडले, "अगं, तेवढा कंप्युटर चालू करून ठेव ना!"

"केला!"

पंख्याची घरघर. मग तो सूर. आत शिरू दिल्यावर वाजतो, तो.

मी चादर पिळली. पिळून झालेली होती, तरी पिळली.

बाहेर आले तेव्हा तिचा हात अजून बटणांवरच होता. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्याही लक्षात आलं.

"कसा उघडला?"

"बोटं गेली गं आपोआप."

"मी तुला शब्द सांगितला नव्हता."

"सांगायला कशाला हवा? शेजारी बसून किती वेळा बघितलंय तुला. वेलांटी, झ, मग पुढचं. माझंच नाव, आणि मलाच कळणार नाही?"

झिपरी. क्लासमध्ये तिचे केस सारखे मशीनवर यायचे म्हणून मी ठेवलेलं नाव. अख्ख्या जगात मी एकटी तिला ते म्हणते. म्हणून तर पासवर्ड ठेवला होता. दुसऱ्या कुणाला सुचणारच नाही म्हणून.

"आणि पेपर?"

ती खुर्चीवर बसली. "फोटो काढला मोबाईलवर. तू वाण्याकडे गेली होतीस तेव्हा. पोरीचं वर्ष जात होतं, वहिनी."

वहिनी.

"फक्त तिच्यापुरता काढला होता. कार्टीने मैत्रिणीला दाखवला, तिने आणखी कुणाला. मला काय माहीत, एवढं होईल?"

"मला विचारायचंस."

"दिला असतास?"

"नाही."

"मग?"

माझ्या कोपरावरून फरशीवर फेस गळत होता. तिने उठून फडकं आणलं आणि पुसायला लागली. माझ्या घरात फडकं कुठे असतं ते तिला माहीत आहे.

"शाळेत मला चोर म्हणतायत," मी म्हटलं.

"तू नाहीयेस ते मला माहितीय ना!"

हे ती खरंच माझी समजूत घालायला म्हणाली.

"नाव लिहिणारेस माझं?" पुसता पुसता तिने विचारलं. "तुझं एक काम जाईल. तिचं वर्ष जाईल. यात मोठं काय, तूच सांग."

"घरी जा."

"वहि..."

"जा म्हटलं ना."

महोदया,

प्रश्नपत्रिकेचा फोटो माझ्या घरी, माझ्या गैरहजेरीत काढला गेला. कंप्युटर उघडा राहिला नव्हता. पासवर्ड मी कोणालाही सांगितला नव्हता, तरी तो ओळखला गेला. काढणाऱ्या व्यक्तीचे नाव :

छापताना ती जागा मोकळी सोडली. इतक्या वर्षांत तिचं पूर्ण नाव मी कधी टाईपच केलेलं नव्हतं.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी कागद वाचला, माझ्याकडे परत सरकवला आणि वर स्वतःचं पेन ठेवलं. मी लिहिलं. तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं, आडनाव. अक्षर वाईट आलं. हाताने लिहायची सवय राहिलेली नाही.

"हे आडनाव..." त्या म्हणाल्या. "नववी 'ब'?"

"तिची आई."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि तुमच्या कोण लागतात?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी शिक्का उचलला आणि कागदावर मारला.