लिंडिस खिंडीच्या पुढे

“अय्या, ही तर निशिगंधाची ओढणी!”

हॉलमध्ये हशा पिकला. पडद्यावर नवरा-बायकोचं भांडण पेटत होतं आणि परदेशातल्या हॉर्नबी या उपनगरातल्या शाळेच्या हॉलात जमलेली मराठी मंडळी ओळखीच्या वस्तू शोधण्यात दंग होती.

“गाडी मकरंदची. डावा इंडिकेटर अजून लागत नाही बघा.”

“हे टेकापोचं तळं. आपण गेलो तेव्हा हीप्स, ढीगभर गर्दी होती, नाही हो?”

प्रोजेक्टरमागे उभ्या चंद्रहासचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. शेवटून दुसऱ्या रांगेत मृदुला बसली होती. त्याला तिची फक्त मान दिसत होती. हसणाऱ्यांत ती नव्हती.

चंद्रहास पुण्याहून इंजिनियर म्हणून आला आणि इथं ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवू लागला. सिनेमाचं त्याला वेड वगैरे काही नव्हतं. मागून आणलेला कॅमेरा, पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या मकरंदची गाडी आणि नायक म्हणूनही मकरंदच, अशी सगळी उसनवारी. गोष्ट साधी होती. विटलेला संसार सावरायला एक जोडपं गाडीनं दक्षिणेकडे निघतं. नवरा अबोला धरतो. वाटेत तळी येतात, डोंगर येतात, याच्या तोंडून शब्द येत नाही. लिंडिस खिंडीत बायको म्हणते, गाडी थांबव. ती उतरते आणि नवरा तिला तिथंच सोडून निघून जातो.

इतकं चंद्रहास आणि मृदुलाच्या संसारात खरंच घडलं होतं. मृदुलाला एका म्हाताऱ्या डच जोडप्यानं आपल्या गाडीतून गावात आणून सोडलं. ती ऑकलंडला बॉटनी डाउन्सला बहिणीकडे गेली, ती गेलीच. आता घर विकायच्या कागदांवर सही करायला आली होती. दुपारच्या विमानानं परत निघायची होती. मंडळातल्या दमयंतीकाकूंनी गळ घातली, “अगं, टॅक्सी इथंच बोलाव. तेवढा सिनेमा बघून जा.” म्हणून ती आली.

सिनेमाचा पुढचा भाग मात्र घडलेला नव्हता. त्यात नवरा गाडी वळवतो, पिवळ्या गवताच्या कडेला उभ्या बायकोपाशी येतो आणि बोलतो. चंद्रहासला जन्मात बोलता आलं नाही ते सगळं त्यानं मकरंदच्या तोंडी घातलं होतं. मृदुलानं तेवढं ऐकावं, म्हणूनच हा सारा खटाटोप. ऐकलं तर कदाचित ती टॅक्सी परत पाठवेल. बुडत्याला काडीचा आधार, तसा त्याला या टेपचा होता.

सकाळीच त्यानं मंडळाच्या अध्यक्षांना बजावलं होतं, “मोरेश्वरभाऊ, मध्यंतर नको हं.”

“मध्यंतर नको? अहो, वडे गार होतील!”

“भाऊ, हात जोडतो.”

“बरं बरं. बघू.”

पडद्यावर गाडीचं दार आपटलं. बाई रस्त्यात उभी राहिली. गाडी लहान लहान होत गेली. आता कुणी हसलं नाही. छोट्या स्वानंदीचा आवाज तेवढा आला, “व्हाय डझन्ट ही जस्ट स्टॉप?”

आणि हॉलमधले दिवे लागले.

मोरेश्वरभाऊंचा हात बटणावर होता. “मंडळी, वा! टाळ्या झाल्या पाहिजेत! चहा-वडे तयार आहेत, पण आधी चंद्रहासरावांचा सत्कार. या, या, असे वर या.”

टाळ्या पडल्या. दोघांनी धरून त्याला मंचावर नेलं. अंगावर शाल आली, हातात नारळ आला. भाऊ माइकवरून बोलत सुटले. तोवर रांगांतून चहा आणि वेगळी साखर फिरू लागली होती. मंचावरून चंद्रहासला दिसलं, मृदुला उठली. हातातला कप तिनं खुर्चीखाली ठेवला, बॅग खांद्याला लावली. दारापाशी वळून एकदा नीट त्याच्याकडे पाहिलं. मग ती बाहेर पडली.

“भाऊ, एक मिनिट...”

“बोलायचंय? बोला की! हा घ्या माइक.”

माइक, माणसं, सगळं बाजूला सारून तो धावला. दारात दमयंतीकाकू उभ्या होत्या. टॅक्सी कोपऱ्यावर वळत होती.

“काकू, संपला नाहीये सिनेमा! पुढं तो परत येतो. काकू, तो परत येतो!”

“थांब रे. श्वास घे आधी.” काकूंनी त्याचा दंड धरला. “निरोप ठेवलाय तिनं.”

“काय?”

“म्हणाली, ‘मला वाटलं होतं, हा शेवट गोड करेल. चारचौघांत स्वतःला चांगलं म्हणवून घेईल. नाही केलं. गेला तो गेला, तसंच दाखवलं. काकू, मलाच वाटायचं, मीच जास्त बोलले का? आज सगळ्यांनी पाहिलं.’ डोळे पुसले पोरीनं. ‘माझा राग सरला, सांगा त्याला’ म्हणाली.”

गाडीची किल्ली चंद्रहासच्या मुठीत होती. विमानतळ जवळ होतं. तो पायरीवर तसाच उभा राहिला. मग किल्ली त्यानं खिशात टाकली.

आत भाऊ पुकारत होते, “चला मंडळी, बसून घ्या! उरलेला भाग!”

चंद्रहासनं टेप काढून घेतली. “संपला सिनेमा.”

“संपला? अहो, सकाळी तर तुम्हीच...”

“एवढाच आहे, भाऊ.”

“बायकोला रस्त्यात टाकून? असा कुठं सिनेमा असतो होय?”

“निदान एखादं गाणं तरी घालायचं!” मागून कुणीतरी म्हणालं.

स्वानंदी वडा हातात घेऊन जवळ आली. “सो ही नेव्हर केम बॅक?”

“नाही बाळा. नाही आला.”

“दॅट्स सो मीन.”

“हो,” चंद्रहास म्हणाला.

मंडळी वड्यांना नावं ठेवत, सिनेमाला नावं ठेवत घरोघर गेली. तो एकटाच खुर्च्या मिटू लागला. शेवटून दुसऱ्या रांगेत मृदुलाचा कप होता, जवळजवळ भरलेला. त्यानं उचलून तोंडाला लावला. चहा गार झाला होता. आणि त्यात साखर नव्हती.

पूर्वी तिला दोन चमचे लागायचे. ती बिनसाखरेचा कधीपासून घ्यायला लागली, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तो चहा संपवला, कप विसळला आणि पालथा घालून ठेवला.