रूपाच्या नावाची पुडी

परदेशी पाहुणे आले की आपल्याकडे गावाच्या अंगात येतं. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जांभूळपाड्यात तेच झालं. कॅनडातल्या एका विद्यापीठाची बारा मुलंमुली तीन दिवसांचं मोफत आरोग्य शिबिर घ्यायला येणार म्हटल्यावर गावाने समाजमंदिराला चुना मारला, कमान उभारली, आणि आयुष्यात कधी डोकं न दुखलेली माणसंसुद्धा डोकं धरून रांगेत बसली.

हेमलता भारंबे या मुलांची दुभाषी. मूळची सावद्याची, धुळ्याला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी. इंग्रजी बरं, हात चपळ. औषधाच्या पुडीवर नाव मराठीत लिहू या, म्हणजे घरात कुणाला तरी वाचता येईल, ही सूचना तिचीच. ती सगळ्यांना पटली आणि लिहायचं काम अर्थातच तिच्या गळ्यात पडलं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दिपमाला आली. आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याची साखर तपासली होती, ती भलतीच वाढलेली निघाली. आज तो सावद्याकडे केळीच्या गाडीवर मजुरीला गेला होता, म्हणून गोळ्या न्यायला ही. क्लेअर नावाच्या विद्यार्थिनीने चिठ्ठीवरचा नंबर पाहून गोळ्या मोजल्या, पुडी बांधली, सकाळची गोळी म्हणून वर एक सूर्य काढला आणि पुडी हेमलतापुढे सरकवली. हेमलताने नाव विचारलं.

"रूपाना बापन्या गोया शेतस," दिपमाला पदर सावरत म्हणाली.

हेमलताच्या घरची बोली वेगळी, पण एवढं तिला कळत होतं. ही बाई नवऱ्याचं नाव काही घेणार नाही. रूपा तिची लेक, आणि गोळ्या रूपाच्या बापाच्या. ठीक आहे, तेच लिहू, म्हणत तिने 'रूपा' लिहिलं. पुढचं 'चे वडील' पेनाच्या टोकावर होतं, तेवढ्यात शिबिराचे संयोजक नीलेश सर ओरडले की फलक सरळ झाला, ऊन चांगलं आहे, सगळ्यांनी फोटोला या, लगेच. सर लगेच म्हणाले की लगेच. हेमलताने पेन ठेवलं आणि ती उठली. मागे क्लेअरने पुडीचा फोटो काढला, ती तशीच दिपमालाच्या हातात दिली आणि तीही धावली. फोटो झकास आला.

दुपारी गाडी धुळ्याकडे निघाली. क्लेअरने रेकॉर्डसाठी प्रत्येक पुडीचा मोबाइलवर फोटो काढला होता. हेमलताने फोटोतलं नाव वाचायचं, क्लेअरने यादीत भरायचं, असं चाललं होतं. एक्केचाळीस नंबरला हेमलता थांबली. तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, रूपा. पुढे काही नाही.

रूपा तिला चांगली आठवत होती. आठ वर्षांची, तिसरीतली. पहिल्या दिवशी तिने कमानीवरचा अख्खा मजकूर घडाघडा वाचून दाखवला होता आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पोट दुखतं म्हणून तीही रांगेत बसली होती. उद्या औषध देऊ, असं कुणीतरी तिला म्हणालं आणि विसरून गेलं. तिचे आईबाप अंगठा लावणारे. म्हणजे त्या घरात वाचता येतं ते एकट्या रूपाला. आणि साखर उतरवणारी गोळी आठ वर्षांच्या पोरीच्या पोटात गेली तर काय होतं, हे नर्सिंगच्या मुलीला कुणी सांगायला नको.

गावातल्या आशा सेविका पुष्पाबाईंना तिने चारदा फोन लावला. चारही वेळा संपर्क क्षेत्राच्या बाहेर. नीलेश सर म्हणाले, घाबरू नको, बाई समजून घेईल, उद्या निरोप पाठवू. संध्याकाळी धुळ्यात सत्कार आहे, शाली येऊन पडल्यात. क्लेअर पांढरी पडली होती. ती सोबत येते म्हणाली, पण पाहुण्यांना एकटं सोडायची परवानगी नाही म्हणून सरांनी तिला बसवलं. हेमलताने शिरपूरच्या फाट्यावर गाडी थांबवायला लावली आणि ती उतरली.

फाट्यावर एकच काळीपिवळी उभी होती, आणि तिचा मालक झुलालभाऊ बोनेटला टेकून तंबाखू मळत होता. दहा शिटं झाल्याशिवाय चाक फिरणार नाही, त्याने सांगितलं. आत चार माणसं होती. हेमलता आत बसली, उतरली, परत बसली. रस्त्याकडे बघून माणसं उगवत नव्हती. शेवटी ती स्वतःच रस्त्यात उभी राहून जांभूळपाडा, जांभूळपाडा, असं गळा फाडून ओरडायला लागली. शिकलेली पोर कंडक्टरसारखी का ओरडतेय हे बघायला झुलालभाऊ वळला. तिचे डोळे वाहत होते. एका पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, एवढंच ती म्हणाली. त्याने तंबाखू फेकली आणि पाच शिटांवर गाडी काढली.

ती पोचली तेव्हा साडेचार झाले होते. रूपा ओट्यावरच्या खाटेवर पडली होती. कपाळ घामाने थबथबलेलं, हात गार, डोळे अर्धवट मिटलेले. दिपमाला ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसत होती.

"शाळामाईन उनी नि आडी पडनी. ऊन लागनं तिले," ती म्हणाली. दुपारी शाळेतून आल्यापासून पोर आडवी पडली होती, आणि आईला वाटत होतं तिला ऊन लागलं.

हेमलताने साखर मागितली. घरात साखर नव्हती. गूळही नव्हता. शिबिरातल्या डॉक्टरांनी नवऱ्याचं गोड बंद करायला सांगितलं, म्हणून या गुणी बाईने आदल्याच संध्याकाळी दोन्ही डबे शेजारी देऊन टाकले होते. हेमलता शेजारच्या घरात विचारायच्या आधी घुसली आणि तोच डबा उचलून आणला. रूपाला कुशीवर घेऊन तिने साखरेची चिमूट गालाच्या आत चोळली, मग आणखी एक. बराच वेळ काही झालं नाही. तेवढ्या वेळात तिने ठाऊक असलेले सगळे देव आठवले. मग पोरीने ओठ चाटले. पुरती शुद्धीवर आल्यावर तिला घोट घोट साखरपाणी पाजलं.

किती गोळ्या खाल्ल्या, हेमलताने विचारलं. रूपाने दोन बोटं दाखवली आणि आपल्याला मार बसणार असं वाटून घाईघाईने म्हणाली, "मी वाचं ना. मनंच नाव व्हतं."

या गोळीचा अंमल काही तासांनी परत डोकं वर काढतो, म्हणून थांबून चालणार नव्हतं. झुलालभाऊने गाडी वळवूनच ठेवली होती. या वेळी त्याने शिटं मोजली नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यात रूपाला ग्लुकोजची बाटली लागली, आणि रात्रभर ठेवू, पण पोरगी वाचली, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा कुठे हेमलता बाकावर टेकली.

मग फोन वाजला. नीलेश सर होते. तिने सगळं सांगितल्यावर बरं झालं म्हणाले, आणि हळूच समजावलं की कागदावर नीट लिहून घे. पोरीने चुकून बापाच्या गोळ्या खाल्ल्या, बस, यात खोटं काही नाही. पुढच्या वर्षी ही मुलं परत यायला हवीत, नाहीतर गरिबांचंच नुकसान होईल. हेमलताने फोन बंद केला. सरांचं बोलणं वरवर खरं होतं, आणि त्याचीच तिला किळस आली.

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला आणि नेमकं तेच वाक्य विचारलं. मुलीने चुकून वडिलांची औषधं घेतली, असंच ना?

हेमलताच्या आधी दिपमाला बोलली. खाली मान घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "मनीच चूक शे, साहेब. पुडी वर ठेवाले पाह्यजे व्हती."

"नाही वहिनी," हेमलता म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "तुमचं काही चुकलं नाही. रूपाचंही नाही. डॉक्टर, मुलीने बरोबर वाचलं. पुडीवर नाव चुकीचं होतं, आणि ते मी लिहिलं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. हे कागदावर आलं तर कॉलेजात चौकशी लागेल, तुमचं वर्ष जाऊ शकतं, त्यांनी सांगितलं. ते तिला माहीत होतं. तिने मान हलवली. त्यांनी नाव विचारलं, तिने सांगितलं. 'हेमलता' एवढं लिहून त्यांचं पेन थांबलं. अजून वेळ गेलेली नाही, असं जणू ते सुचवत होते.

"पूर्ण लिहा," ती म्हणाली.