अदोक्सिया

लढाईवरून निकेरात परतला तेव्हा हातात ढाल नव्हती. खांद्यावर मेहुणा होता, रक्ताने माखलेला फानोस. गावाने ढाल तेवढी शोधली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फानोस गेला. अंघोळ घालायला बहीण बसली, निकेरातची बायको मिर्तो. जखम पाठीत होती. म्हणजे भाऊ पळत होता. आई आत यायच्या आधी तिने घाईने जखमेवर कापड ओढलं.

"ढाल टाकल्याशिवाय त्याला उचलणार कसा?" निकेरात नंतर तिला म्हणाला.

"मग सांगा ना गावाला!"

"काय सांगू? तो पळत होता म्हणून? तुझी आई त्याच्या नावावर जगतेय. राहू दे."

ढाल टाकणाऱ्याला आमच्याकडे देवळाची पायरी चढता येत नाही, सभेत तोंड उघडता येत नाही. याला अदोक्सिया म्हणतात, नाव जाणं. फानोसचं नाव मात्र वीर म्हणून थडग्याच्या दगडावर कोरलं गेलं. आर्तेमिस देवीच्या सणाला पोरं निकेरातच्या मागे लागायची, "ढाल कुठं विसरलास रे?" सासूने तर त्याच्या हातचं पाणीही घेतलं नाही. "माझा लेक छातीवर घाव झेलून गेला, आणि जावईबापू बघा, धडधाकट!" निकेरातने भांडं खाली ठेवलं आणि बाहेर गेला.

म्हातारी गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर मिर्तो विहिरीवर बायकांना खरं काय ते सांगून मोकळी झाली.

तिची लहानपणची मैत्रीण ख्रिसिला घागर भरायची थांबली. "नवऱ्याचं नाव धुवायला मेलेल्या भावावर आळ घेतेस? आई होती तेव्हा का नाही फुटली वाचा?"

"आई होती म्हणूनच."

कुणालाच ते पटलं नाही. बायका घागरी उचलून निघून गेल्या. तेव्हापासून विहिरीवर तिच्याशेजारी कुणी उभं राहीना.

निकेरात ऑलिव्हच्या झाडावर फांद्या छाटत होता.

"बोललीस म्हणे."

"बोलले."

"ऐकलं कुणी?"

तिने नकारार्थी मान हलवली. तो खाली उतरला, बराच वेळ कोयता पुसत राहिला. "कशाला गं," एवढंच म्हणाला.

थंडीच्या आधी दोघं समोरच्या बेटावर कायमची राहायला गेली. निघताना मिर्तो भावाच्या दगडापाशी थांबली, गेलेल्याला मान देतात तसं त्याला तेल लावलं, लोकरीची फीत बांधली. निकेरात वाटेवरच गाठोडं धरून उभा होता.