टाचण्यांची गादी आणि वाकडं विमान

शिंपीकाकांनी सकाळपासून चौथ्यांदा दुकानाबाहेर येऊन आभाळाकडे पाहिलं. विमान अजून हजारो मैल दूर होतं, पण जिवाला कोण सांगणार? आत येऊन त्यांनी कोटाची बाही जोडली, तीही उलटी.

काकू परदेशातल्या मुलीचं बाळंतपण उरकून परत येत होत्या. जाताना मुलगा सोबत होता. येताना त्या पहिल्यांदाच एकट्या होत्या. "दुकान कोण बघणार?" म्हणून काका गेले नव्हते, पण ते विमानाला भितात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फोनवर त्यांनी बायकोला धीर दिला होता, "जाताना अकरा तास लागले, येतानाही अकराच. रस्ता तोच ना! बाहेर आलीस की समोर मी."

नात टिकली फोनमध्ये आजीचं विमान कुठवर आलंय ते बघत होती. काकांनी डोकावलं आणि ते दचकले. भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी टेपने सरळ रेघ मोजून ठेवली होती, समुद्रावरून जाणारी. हे विमान तर वर, बर्फाकडे चाललं होतं.

"अगं, वाट चुकलं हे!"

"नाही हो आजोबा. जवळच्या रस्त्यानेच चाललंय."

"वाकडं जाऊन जवळ? मला शिकवतेस?"

"हो," टिकली म्हणाली. तिने टाचण्यांची गोल गादी उचलली आणि वरच्या अंगाला, समोरासमोर, दोन टाचण्या खोचल्या. एका टाचणीपासून दुसरीपर्यंत तिने दोरा आधी कडेकडेने फिरवला, मग माथ्यावरून नेला. माथ्यावरून नेल्यावर दोरा चांगला दोन बोटं उरला. "पृथ्वी अशी गोल आहे. तुम्ही मोजलंत सपाट कागदावर. माप अंगावरून घ्यावं, असं कोण म्हणतं सारखं?"

काकांनी दोरा स्वतः दोनदा ओढून पाहिला. "खरंच की गं," ते म्हणाले आणि कितीतरी वेळाने खुर्चीत टेकले.

"फक्त अकरा नाही, तेरा तास लागतील. जाताना वारा पाठीशी होता, आता समोरून आहे. सायकलवर दमता ना तुम्ही, तसंच."

काका ताडकन उठले. "मी तिला अकरा सांगितलेत! बारावा तास लागला की तिला काय वाटेल?"

विमानात बसलेल्या माणसाला आता कळवणार कसं? उरलेला वेळ काका शिलाईयंत्र आणि दार यांच्यामध्ये येरझारा घालत राहिले. विमानतळावर तर ते टिकलीला घेऊन इतके लवकर पोचले, की पहारेकरी म्हणाला, "काका, बसा जरा. फरशी झिजेल."

अखेर दार सरकलं. काकू ढकलगाडी रेटत आल्या. चेहरा उतरलेला, पण नजर काकांना शोधणारी. काका अगदी समोर होते.

"अकरा तास म्हणे! खाली नुसता बर्फ, आणि विमान उतरायचं नाव घेईना. शेजारच्या मुलीचा हात धरला, तो सोडलाच नाही मी!"

"माझं माप चुकलं गं," काका पुटपुटले.

"आजी, मग बाळाच्या वाढदिवसाला नाही जाणार?" टिकलीने विचारलं.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. घाईत त्यांच्या गळ्यात टेप तसाच राहिला होता.

"जाईन की. पण ह्यांना घेऊन. एवढा टेप बाळगतात, तर घेऊ देत माप अंगावरून!"

काकांनी गपकन टेप खिशात कोंबला. "खिडकीची जागा मात्र तुझी," ते म्हणाले.