पहिलं झाकण

“नॉर्मन परत यायचा नाही, नोरीन. काढून टाक ते डोक्यातून,” मॅलकी ग्रिबन माझ्या छपरावरून म्हणाला. तोंडात चार खिळे धरलेले, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात दगडी पाटी. वादळानं माझ्या छपराच्या सहा पाट्या उडवल्या होत्या आणि त्या बसवायला हा शुक्रवारी सकाळीच शिडी घेऊन हजर झाला होता. न बोलावता.

मी खाली शिडी धरून उभी होते. एक धक्का दिला तर सगळं संपेल, हे माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही.

“एकवीस वर्षं या घरात राहिलाय तो,” मी म्हणाले. “त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?”

“काहीच नाही. माणूस चांगलाच आहे. पण त्यांच्यातला आहे.” त्यानं एक खिळा ठोकला. “लोक भडकलेत गं. उद्या कुणी काही केलं तर मलाच वाईट वाटेल. त्याच्याच भल्याचं सांगतोय.”

गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. लोकांना भडकवायचं यानं, आणि वाईटही यालाच वाटणार.

नॉर्मन माझा नवरा. तो प्रोटेस्टंट, मी कॅथलिक आणि आमची गल्ली अख्खी कॅथलिक. बेलफास्टमध्ये दंगली पेटेपर्यंत याचं कुणाला काही वाटत नव्हतं. नॉर्मन जहाजांच्या कारखान्यात फिटर होता. गल्लीत कुणाचं घड्याळ बंद पडलं, कुणाची शेगडी धूर ओकायला लागली, की लोक त्यालाच हाक मारायचे. मग एका दुपारी आमच्या बाजूच्या बंदूकवाल्या संघटनेची दोन माणसं दारात आली. रविवारपर्यंत घर सोडा, म्हणाली. पाठवलेली अर्थात मॅलकीनं. नॉर्मन एक सुटकेस घेऊन नदीपलीकडे बहिणीकडे गेला. त्याला सतरा महिने झाले होते. मी तिकडे जाऊ शकत नव्हते, कारण तिथल्या गल्लीत माझ्यासारखीला कुणी उभं केलं नसतं. म्हणून आम्ही दर गुरुवारी शहरात, एका मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चहा प्यायला भेटायचो. पन्नाशीची बाई मी, आणि लग्नाच्या नवऱ्याला चोरून भेटत होते!

हा मॅलकी एके काळी नुसता छपरं दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याचा हात इतका चांगला की पाद्रीसुद्धा चर्चच्या छपरासाठी त्याचीच वाट बघत थांबायचे. एकोणसत्तरच्या ऑगस्टात पलीकडच्या प्रोटेस्टंट जमावानं त्यांची गल्ली जाळली, तेव्हा त्यानं आईला पाठुंगळीला घेऊन बाहेर काढलं आणि आमच्या गल्लीत आणलं. सबंध गल्ली त्या दोघांसाठी हळहळली. मीही हळहळले. माझ्या घरातली दोन ब्लँकेटं मी स्वतः नेऊन दिली, आणि त्यांचा पलंग नॉर्मननं जोडून दिला. पुढे त्यानं संघटनेत जाऊन हातोडीबरोबर बंदूकही घेतली तेव्हा पुष्कळांना बरं वाटलं. आपल्यावर कुणी लक्ष ठेवणारा आहे, असं वाटलं. ते तर तो ठेवतच होता. कुणी किती प्यावं, कुणाच्या मुलीनं कुणाबरोबर हिंडावं, सगळं तोच ठरवायला लागला. चोरी केली म्हणून गल्लीतल्या क्विगलीच्या थोरल्या मुलाच्या दोन्ही गुडघ्यांत गोळ्या घालायला लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला दवाखान्यात जायला गाडी पाठवली. बाजारातल्या बियाण्यांच्या दुकानात याच्या माणसांनी बॉम्ब ठेवला तेव्हा दोन बायका मेल्या. मी त्याला तोंडावर विचारलं. सूचना दिली होती, फोन उचलायला पोलिसांनीच उशीर केला, म्हणाला. आवाज एवढासाही चढला नाही. आवाज चढवण्याची त्याला कधी गरजच पडली नाही.

शिडीवरून उतरताना त्यानं हात झटकले. “परवा रविवारी मी आईकडे न्याहारीला येतोय. अकराच्या मिस्साला सगळे चर्चमध्ये, गल्ली रिकामी असते, तेव्हा तू आठच्या मिस्साला जाऊन ये. अकरा वाजता कोपरा तुझ्याकडे.”

तू येशील का, जमेल का, असं काही नाही. नुसतं सांगून मोकळा.

कोपरा माझ्याकडे म्हणजे काय, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. माझं घर टोकाचं. इंग्रज सैनिक आत शिरले की पहिल्यांदा मलाच दिसायचे. मग मी कचऱ्याच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घेऊन दारात उकिडवी बसायची आणि फरशीवर दणादण आपटायची. तो आवाज ऐकून शेजारीण आपलं झाकण उचलायची, मग तिची शेजारीण, आणि बघता बघता सगळी गल्ली वाजायला लागायची. सैनिक मॅलकीच्याच मागावर असायचे, म्हणून तो आईकडे राहतही नसे; आला तरी पळायला एक मिनिट मिळालं की त्याला पुरे होतं. घरांच्या पोटमाळ्यांमधल्या भिंती त्यानं स्वतःच फोडून ठेवल्या होत्या. आईच्या माळ्यावर चढला की बारा घरं ओलांडून मागच्या रस्त्याला उतरायचा. अशानं तो पाच वेळा निसटला होता, आणि पाचही वेळा पहिलं झाकण माझं होतं. त्यातली तीन नॉर्मन गेल्यानंतरची. कितीही राग असला तरी सैनिक दिसले की हात आपोआप झाकणाकडे जायचा.

रविवारी अकरा वाजता गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मॅलकीच्या आईच्या घरातून बेकन तळल्याचा वास येत होता. मी दार उघडं ठेवून बटाटे सोलत बसले होते. एवढ्यात कोपऱ्यापलीकडे गाड्या थांबल्या. इंजिनं बंद झाली आणि भिंतीला पाठ घासत सैनिक यायला लागले. आठ-दहा असतील.

मी झाकण उचललं, दारात उकिडवी बसले, हात वर नेला आणि तिथंच थांबले.

काहीच ठरवलेलं नव्हतं. मनात एकच आलं, की हा गेला तर नॉर्मन घरी येईल. एवढंच.

पुढचा सैनिक माझ्यासमोर येऊन थबकला. तोंडाला काजळ फासलेलं, हनुवटीवर मुरुमं. मी आता वाजवणार म्हणून त्यानं घाबरून ओठांवर बोट ठेवलं. मी झाकण हळूच डब्यावर ठेवलं, आवाज होऊ न देता. तो पुटपुटला, “थँक यू, बाई.” त्या थँक यूनं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही त्याच्यासाठी केलं नव्हतं.

दोन मिनिटांत मॅलकीला बाहेर काढलं. पायात नुसते मोजे, विजारीचे खांद्यावरचे पट्टे लोंबत होते, ओठाला अंड्याचा बलक लागलेला. मागून त्याची आई, ग्रिबनबाई, बूट हातात घेऊन चाचपडत आली. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांनी तिला उंबऱ्यातच अडवलं.

माझ्यासमोरून जाताना मॅलकीनं डब्यावरचं झाकण बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“कोपऱ्यावर तूच होतीस ना, नोरीन?”

“होते,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. घराचा पत्ता बरोबर आहे एवढं विचारून घ्यावं, तशी. मग त्याला गाडीत कोंबलं.

मिस्सा सुटल्यावर बायका धावत आल्या. मी परसातल्या संडासात गेले होते, सैनिकांनी तेवढ्यातच गाठलं, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं. पण मॅलकीला खरं काय ते माहीत होतं, आणि तुरुंगातून एक चिठ्ठी बाहेर पाठवणं त्याला काहीच अवघड नव्हतं. फितुरांचं काय करतात, हे मी या गल्लीत डोळ्यांनी बघितलेलं होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार मी दाराला पाठ करून बसले नाही. चिठ्ठी आली नाही. अजूनही आलेली नाही. त्यानं मला वाचवलं, असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्याच गल्लीत आपण कुणाला नकोसे झालो, हे दुसऱ्याला सांगायची त्याला लाज वाटली असेल, दुसरं काय? दया करणाऱ्यातला तो नव्हता. आणि तरी माझा जीव त्याच्या मुठीत राहिला, याचा मला आजही संताप येतो.

गुरुवारी मी नॉर्मनला सांगितलं, घरी ये. तो लगेच हो म्हणाला नाही. पुढच्या रविवारी दुपारी आला, सुटकेस न घेता. मी कोकराचा रस्सा केला होता. तो टेबलाशी बसला, पण अंगातला कोट काही काढला नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो माझा हात धरेल.

तो रश्शात चमचा फिरवत राहिला.

“मला मॅलकीनं काढलं असं तुला वाटतं?” तो म्हणाला. “मॅलकी एकटा होता, नोरीन. गल्लीत बेचाळीस घरं आहेत. मी सुटकेस घेऊन निघालो तेव्हा एकही दार उघडलं नाही. ज्यांची घड्याळं दुरुस्त केली त्यांचंही नाही.”

“भ्याले होते सगळे.”

“असतील. पण तू? आपण लिव्हरपूलला जाऊ असं मी म्हणत होतो, आणि आईचं घर कसं सोडू, म्हणालीस. महिनाभर बहिणीकडे राहा, सगळं निवळेल, म्हणालीस. माझे शर्ट तूच घडी करून दिलेस.”

मी दिले होते. इस्त्री करून दिले होते. आता जाऊ या लिव्हरपूलला, असं तोंडाशी आलं होतं. ते बोलायला हवं होतं. पण तेव्हाही माझी नजर भिंतींवरून, आईच्या कपाटावरून फिरत राहिली, आणि ते त्याला दिसलं.

त्यानं रस्सा संपवला. चांगला झालाय, म्हणाला. टोपी घातली. गुरुवारी भेटू, असंही म्हणाला.

मी दारापर्यंत गेले. गल्लीत पडदे हलत होते. ग्रिबनबाई तेवढी उंबऱ्यावर खुर्ची टाकून उन्हाला बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

“कोण ते?”

“नॉर्मन, बाई,” तो म्हणाला.

“नॉर्मन? माझा पलंग जोडून दिलेला नॉर्मन?” तिनं हात पुढे केला आणि त्यानं तो हातात घेतला. “बरं झालं रे आलास. दिवस वाईट आहेत. घरचा माणूस घरात असलेला बरा.”

त्यानं तिचा हात हलकेच तिच्या मांडीवर ठेवला आणि बसच्या रस्त्याला लागला. म्हातारी त्याची पावलं ऐकत राहिली.

“परत निघाला की काय तो?”

“हो,” मी म्हणाले.

“माझा मॅलकी तर तुरुंगात आहे,” ती म्हणाली. “मग आता कुणी काढलं त्याला?”

तिची कोळशाची बादली दारातच पडली होती. मी ती उचलून आत नेऊन ठेवली.