आळ्यातली मेथी

माह्या बापाले नव्या चीजेचा भारी शौक. मोर्शीकडच्या आमच्या गावात पहिला रेडिओ आणला तो जानरावानं, म्हणजे माह्या बापानंच. तो बिघडला तर त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून वर्षभर मिरवला तोही त्यानंच. मायनं किती बोलावं, काही फरक नाही.

त्या वर्षी संत्र्याच्या कोवळ्या फुटीवर मावा कीड पडली, अन् बाबा तालुक्याहून नव्या औषधाचा डबा घेऊन आला. मी पहिलटकरीण, वलगावहून बाळंतपणाले माहेरी आली होती. आठवा लागला होता. चहा पिता पिता बाबा मले असं समजावून सांगे, जसं काही त्यानंच ते औषध शोधून काढलं.

"रुख्मे, पहिले आमी पानावर फवारत होतो. आता ती कटकटच नाही. हे बुडाशी ओतायचं. झाड मुळानं पेते अन् आपल्याच अंगातून शेंड्यापर्यंत पोचवते. वर बसलेला मावा रस चोखते अन् मरते. हाय का नाही गंमत?"

"तुमची गंमत तुमच्यापाशी ठेवा," माय म्हणे. "डबा चुलीपासून दूर ठेवा म्हणजे झालं."

संत्र्याच्या बुडाशी पाण्यासाठी जे गोल आळं करतात, त्यात माय दरवर्षी मेथी अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरे. पाणी झाडाले द्यावंच लागते, मंग त्याच पाण्यावर घरची भाजी होते. आमच्याकडल्या साऱ्याच बाया करतात. बाबानं औषध ओतलं ते त्याच आळ्यात. मेथीवर थेंब पडू नये म्हणून वाकून, हातानं पानं बाजूले सारून ओतलं. केवढी ती काळजी, बाप्पा! झाड पेते हे बाबाले ठाऊक, मायले ठाऊक, मले ठाऊक. मेथीलेही मुळं असतात, हे मात्र तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

काही दिवसांनी मले घोळाना खावासा वाटला. कच्ची मेथी, कांदा, तिखट-मीठ अन् वरून कच्चं तेल, संगं ज्वारीची गरम भाकर. मायनं मेथी खुडून आणली, तीन पाण्यांनी धुतली, देठं बकरीपुढे टाकली अन् परात माह्यापुढे सरकवली. "खाय, लेकरू मागून राहिलं," म्हणे. मी सारं खाल्लं. माय आमची साऱ्यांच्या मागून जेवणारी, तिच्यासाठी एक पानही उरलं नाही.

उन्हं जराशी कलली अन् माह्या पोटात पीळ पडला. मंग तोंडाले पाणी सुटलं. थुंकून थुंकून दमली, तरी थांबेना. घाम तर असा, की लुगडं अंगाले चिकटलं. माय एकदम पांढरी पडली. आठव्यातलं लेकरू जगत नाही, असं आमच्याकडे साऱ्याच म्हणतात, अन् मीही तेच ऐकत लहानाची मोठी झालेली.

"देवा, आताच काहून रे?" मी म्हणत होती. "अजून नको. एवढ्यात नको."

माणिकबाई सुईण धावत आली. तिनं पोटावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग तिच्या कपाळाले आठ्या पडल्या.

"गोदाबाई, या बाळंतपणाच्या कळा नाहीत. पोट टणक होऊन नाही राहिलं. हिनं खाल्लं काय?"

"मेथी, अन् काय! घरची मेथी. म्या स्वतः धुतली."

तेवढ्यात अंगणात काहीतरी धपकन पडलं. माय दारापर्यंत गेली अन् तिथंच थांबली. मले तिची फक्त पाठ दिसत होती. बकरी, हे मले मागून कळलं, आडवी पडून पाय झाडत होती अन् तिच्या तोंडातून फेस गळत होता. मायनं असा हंबरडा फोडला, की वावरातून बाबा पळत आला.

"तुमी त्या आळ्यात काय ओतलं हो? काय ओतलं?"

"अवो, पानाले थेंब नाही लागला! म्या पानं बाजूले—" बाबा बोलता बोलता थांबला. मग तो बैलांची दमणी जुंपाले पळाला. जाताना तो डबा तेवढा धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेतला, तेवढी अक्कल त्याले सुचली.

दमणीतला तो रस्ता मले सरता सरेना. बैल पळत होते, माय माहं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, अन् मले तिचा चेहरा धुरकट दिसून राहिला होता. पापण्या आपोआप फडफडत. अन् डोक्यात काय यावं, तर शाळेतले गुरुजी! चौथीत त्यायनं पांढऱ्या शेवंतीची दांडी लाल शाईच्या पाण्यात उभी केली होती. सांजेपर्यंत पाकळ्यांत लाल रेघा उमटल्या. आमी पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दांडीत बारीक नळ्या असतात, बुडाशी जे असेल ते त्या वर नेतात, चांगलं का वाईट ते पाहत नाहीत, असं गुरुजी म्हणाले होते. अन् मले एकदम कळलं, की माह्या आतही एक दांडी हाय, अन् तिच्या टोकाले माहं लेकरू हाय. मी जे खाल्लं ते त्याच्याकडे निघालं असंन. मी कशानं थांबवू? पोट दोन्ही हातांनी गच्च धरलं. सकाळपासून ते ढुशा देत होतं, आता हलेना. माय विचारे, "काय होते, रुख्मे?" अन् मले सांगवेना. भेव एवढं, की रडूही येईना.

मोर्शीचे कमलाकांत डॉक्टर. त्यांनी माह्या डोळ्यांत बॅटरी मारली, डब्यावरचं वाचलं अन् इंजेक्शन भरलं. एक दिलं, थांबले, पुन्हा दिलं. माय त्यांच्या मागे मागे, "डॉक्टरसाहेब, म्या तीन पाण्यांनी धुतली होती हो. तीन पाण्यांनी."

"बाई, ते पानावर नव्हतंच," डॉक्टर म्हणाले. "पानात होतं. धुऊन कसं जाणार?"

माह्या तोंडाचं पाणी आटलं, उलट घसा कोरडा पडला. छाती धडधडाले लागली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मले त्याच्याशी काय करायचं होतं? "लेकरू पाहा," मी म्हतलं. "माहं राहू द्या, लेकरू पाहा."

त्यांनी लाकडी नळी पोटाले लावली, कान टेकवला. जागा बदलली. पुन्हा बदलली. बाबा दाराच्या चौकटीले धरून उभा होता, माय पदर तोंडात कोंबून. मी डॉक्टरांच्या भुवयांकडे पाहत होती, कारण दुसरं काही पाहण्याची हिंमतच नव्हती.

"ठोका आहे," ते म्हणाले. "जरा हळू आहे, पण आहे."

रडू आलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, आता पोटात काही जाऊ द्या, उपाशी राहाल तर लेकरू कशावर राहील? त्यांच्या घरातून ताराबाईंनी मऊ भात अन् वरण पाठवलं. मायनं कालवलं, घास केला अन् माह्या तोंडापाशी आणला. मले भूक होती. पण दातखीळ बसल्यासारखं झालं. तो तांदूळ कुठल्या वावरातला, त्याच्या बुडाशी कोणी काय ओतलं, कोणाले ठाऊक? अन् मी गिळलं म्हणजे ते माह्यापाशी थोडंच थांबणार?

"खाय न, बाई," माय म्हणे. मी तिच्या हाताकडे पाहत राहिली. लहानपणापासून त्याच हातानं खाल्लं होतं. मान मात्र आपोआप मागे गेली.

सारं घर जेवल्याबिगर जिनं कधी पानाले हात लावला नाही, तिनं तो घास आपल्याच तोंडात टाकला. चावला, गिळला. मग भांडं मांडीवर ठेवून माह्यासमोर बसून राहिली, मले नीट पाहता यावं म्हणून तोंड उजेडाकडे करून. मी तिच्या डोळ्यांकडे पाहत होती, कपाळावर घाम येते काय ते पाहत होती. भात गार झाला. तिनं दुसरा घास केला, तेव्हा मी तोंड उघडलं.